भाच्याच्या दुपारी

बहिणीच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचं निदान झालं. तिची नोकरी, त्यामुळे दुपारभर तो माझ्याकडे राहू लागला. बोर्डीत आमची चिकूची वाडी आहे. झाडांचं मला थोडंफार कळतं, लहान मुलांचं अजिबात नाही. पाच वर्षांचा भाचा बोलत नव्हता. काही हवं असलं की माझं मनगट धरून मला तिकडे ओढत न्यायचा. मुंबईच्या थेरपिस्ट ताई फोनवर म्हणाल्या, "मामा, तो शिकतो. आधी कसा शिकतो ते बघा." बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायलाही मला सुचलं नाही.

त्यांनी पहिला शब्द दिला तो 'अभिसंधान', इंग्रजीतलं कंडिशनिंग. मी त्याचा अर्थ 'सवय लावणं' असा धरला. मग पाव्हलॉव्हबद्दल वाचलं. हा रशियन शास्त्रज्ञ कुत्र्यांच्या पचनाचा अभ्यास करत होता, त्यासाठीच त्याला १९०४ साली नोबेल मिळालं. खाणं तोंडाशी येण्याआधीच, नुसत्या खुणेनं कुत्र्यांना लाळ सुटते हे त्यानं दाखवलं. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पाठोपाठ आल्या की पहिली दुसरीची वर्दी देऊ लागते. हे वाचल्यावर मला आमचा पंप आठवला. स्टार्टरचा 'खट्' आवाज झाला की भाचा कानांवर हात ठेवायचा. मोटर तेव्हा घरघरू लागलेलीही नसायची. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी रोज ते पाहत असूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझी समजूत होती की या मुलांच्या मनात अशा जोड्या जुळतच नाहीत. ती चुकीची निघाली. १९९४ साली अमेरिकेत सिअर्स, फिन आणि स्टाइनमेट्झ यांनी एक साधा प्रयोग केला. आधी एक सूर वाजवायचा आणि लगेच डोळ्यावर हवेची हलकी फुंकर सोडायची. काही वेळानं नुसत्या सुरालाच पापणी मिटू लागते. स्वमग्न व्यक्ती हे इतरांपेक्षा लवकर शिकल्या; फक्त त्यांची पापणी वेळेआधीच मिटत होती. अशा वेळा जुळवण्याचं काम लहान मेंदू करतो, म्हणून संशोधकांचं लक्ष तिकडे गेलं. एका प्रयोगावरून सगळ्या मुलांबद्दल बोलता येणार नाही. पण 'ह्याला काही कळत नाही' हे वाक्य आमच्या घरातून तेव्हापासून गेलं.

पुढचा धडा 'साधक अभिसंधाना'चा. आपण काही केल्यावर हवं ते मिळालं की तीच कृती पुन्हा होते. त्या मिळण्याला 'प्रबलन' म्हणतात. माझ्या भाषेत, कृतीला बळ येतं. ताईंनी चित्र देऊन वस्तू मागण्याची रीत सांगितली. अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ साली ती बसवली. मी सोललेला चिकू वाटीत घेऊन समोर बसायचं. आजीनं मागे बसून, एक अक्षर न बोलता, त्याचा हात चिकूच्या चित्राकडे आणि मग माझ्या तळहाताकडे न्यायचा. चित्र हातात पडताच फोड द्यायची, क्षणाचाही उशीर नको. हळूहळू आजीचा हात मागे सरला आणि एके दिवशी त्यानं आपणहून चित्र आणून दिलं. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी स्टीलच्या वाटीऐवजी प्लास्टिकची बशी घेतली, तर तो चित्राकडे बघेचना.

याचंही उत्तर जुनं निघालं. १९७१ साली मानसशास्त्रज्ञ लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना प्रकाश, आवाज आणि स्पर्श अशी एकत्र खूण शिकवली. मग तिन्ही सुटे करून पाहिले, तर स्वमग्न मुलं प्रामुख्यानं एकालाच प्रतिसाद देत होती. भाच्यानं धरलेली खूण चिकूची नव्हती, स्टीलच्या वाटीची होती. मग वाटी, जागा, माणूस असं सगळं बदलत गेलो: ओट्यावर, वाडीत, समुद्रावर सुरूच्या झाडांखाली. शिकवलेलं एका जागी अडकू नये यासाठी जागाच बदलाव्या लागतात, हे तेव्हा कळलं.

एक प्रश्न मात्र छळत राहिला. याच लोवासनी १९८७ साली, आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ जण सर्वसाधारण शाळेत इतरांसारखे शिकू लागल्याचं लिहिलं. आणि साठच्या दशकात याच माणसानं मुलांना विजेचे झटकेही दिले होते. मार आणि भीती यांचीही जोडी जुळते, आणि ती शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याशी जुळते. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती आज लोवास यांच्या पद्धतीविरुद्ध बोलतात. त्यांचं म्हणणं मला पटतं. आमच्या बोर्डीतली वाट तर वेगळी होती: इथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तर या दोघींनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया हेच साहित्य. त्यांच्या कामामागे माँटेसरीबाईंचा विचार होता आणि बाईंना शिक्षा नको होती, तसं बक्षीसही. मग मी देतो ती फोड काय? ताईंशी बोलून मी एवढ्यावर आलो: चिकू मागितल्यावर चिकू मिळणं हा मागण्याचाच परिणाम आहे, ती लाच नव्हे. 'डोळ्यांत बघ, मग चॉकलेट देतो' हे मी करत नाही. आणि त्यानं चित्र बाजूला सारलं, तर 'नको' म्हणण्याचा हक्क त्याचा.

आमच्या पालघर जिल्ह्यातल्या आईबापांना एक विनंती. मूल नावाला वळून बघत नसेल, बोटानं दाखवत नसेल, शब्द येऊन गेले असतील, तर 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, पैसे लागत नाहीत, आणि त्यांच्या यादीत स्वमग्नता आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ती आहे. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख आजच विचारा.