बारा व्होल्टची वायर

विहिरीवरच्या पंपासाठी वायर घेताना आपण दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. चतुर्थीच्या तोंडावर टेम्पोत गाण्यांचा ॲम्प्लिफायर बसवायचा असला की मात्र म्हणतो, "वायर ती वायर, तिच्यात काय बघूचा आसा?" पंपाला २३० व्होल्ट आणि गाडीला अवघे १२, म्हणून गाडीचे काम किरकोळ, असा आपला समज. खरी गोष्ट उलटी आहे.

हिशेब करून पाहा. ६०० वॅट ओढणारे यंत्र घरच्या विजेवर पावणेतीन अँपिअरसुद्धा घेत नाही. तेवढेच वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे तर ५० अँपिअर लागतात. वायरीतली तूट ठरते ती अँपिअरवर. घरातली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर बॅटरीपासून हौद्यापर्यंत पाच मीटर नेली, तर ५० अँपिअर ओढताना वाटेतच पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात. बारातले पावणेदोन! आवाज फाटतो तो म्हणून, आणि आपण दोष देतो कर्ण्याला. ते हरवलेले व्होल्ट कुठे जात नाहीत, वायर तापवतात. जवळजवळ ८५ वॅटची उष्णता त्या बारीक वायरीच्या अंगात मुरते. तिथे सोळा चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तूट पाव व्होल्टाच्या आसपास येते. हाच टेम्पो वैशाखात हापूसच्या पेट्या घेऊन वाशीला जायचा असतो, हे विसरू नये. गाण्यापायी तो पेटला तर काय घ्या!

आता धातूकडे वळू. बाजारात स्वस्त वायर मिळते, ती वरून तांबूस आणि आत ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम वाईट नव्हे. खांबावरच्या तारा त्याच्याच असतात, पण जाड असतात. तेवढेच काम करायला त्याला तांब्याच्या दीडपटीहून जास्त जाडी लागते. शिवाय आपल्याकडे मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याला खारा वारा. ॲल्युमिनियम पितळी थिंबलात दाबले आणि त्याला खारी ओल लागली की ते झिजते, पांढरी भुकटी धरते, आणि जोड तापू लागतो.

ओळखायचे कसे? चाकूने एक तंतू खरवडा. वरून तांबडा, आत पांढरा, तर दुकानातच ठेवा. वरून पांढरा, आत तांबडा, तर ती कल्हई केलेली तांब्याची वायर. समुद्रकाठी याहून चांगली नाही. बोटींना तीच घालावी. हातात तोलूनही कळते, ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच भरते.

गेजच्या आकड्याला मात्र भुलू नका. आकडा लहान तितकी वायर जाड, हे खरे. पण मोटार भरणारे कारागीर बोलतात तो गेज इंग्लंडचा आणि ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचा बहुधा अमेरिकेचा. आठ नंबर दोघांचा वेगळा. म्हणून चौरस मिलिमीटरच विचारा.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, आणि तो वायरीला झेपेल एवढाच. ॲम्प्लिफायरशेजारी लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही. उणे टोकाची वायरही तितकीच जाड घ्या आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळा. पाऊस सरला की दिवाळीच्या सुमारास जोड एकदा उघडून बघा. पांढरे-हिरवे काही दिसले तर तेवढा तुकडा कापून नवे थिंबल दाबा आणि वर ग्रीस लावा.