जंतूंचे लाड किती करायचे?

जंतू वाढवणं अवघड नाही. उघड्यावर राहिलेली आमटीसुद्धा ते काम रातोरात करून दाखवते. आमच्या लसनिर्मितीच्या विभागात नवीन मुलंमुली आली की मी त्यांच्यासमोर दोन फ्लास्क ठेवते. दोन्ही सारखेच गढूळ, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींतले जंतूही सारखेच. एकातून घटसर्पाची लस होणार, दुसरा ऑटोक्लेव्हमध्ये घालून फेकून द्यायचा. फरक कशाचा? लोहाचा.

घटसर्पाच्या लशीत जंतू नसतोच, त्याचं विष असतं. फॉर्मालिननं त्याची धार काढून टाकली की टॉक्सॉइड तयार होतं. पण हे विष मिळवायचं तर जंतूला लोहाच्या बाबतीत हात आखडून वाढवावं लागतं. लोह मुळीच नसेल तर तो वाढत नाही. भरपूर असेल तर मजेत वाढतो आणि विष करायचं नाव घेत नाही. पापेनहायमर या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९३६ साली हे दाखवून दिलं. कारणही पुढे उलगडलं. विषाचा जनुक जंतूचा स्वतःचा नव्हेच, त्याच्या अंगात शिरलेल्या एका विषाणूचा. पण त्यावर पहारा जंतूचं एक प्रथिन देतं, आणि लोह चिकटलेलं असेपर्यंतच ते पहाऱ्यावर टिकतं. आपल्या घशात मोकळं लोह जवळपास नसतंच, शरीरानं ते आपल्या प्रथिनांत बांधून ठेवलेलं असतं. लोहाची चणचण भासली की पहारा उठतो आणि विष सुरू होतं. म्हणून आम्ही माध्यमातलं लोह आधी काढून टाकतो आणि मग लागेल तेवढंच मोजून घालतो.

यासाठी जगभर वापरला जाणारा वाण ‘पार्क-विल्यम्स ८’ या नावानं ओळखला जातो. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅना विल्यम्स यांनी वेगळा केला. त्या वेळी प्रयोगशाळाप्रमुख पार्क रजेवर होते. तरीही पुष्कळ लोक त्याला नुसतं ‘पार्क ८’ म्हणतात. मी म्हणू देत नाही.

डांग्या खोकल्याचा जंतू याहून नाठाळ. ३७ अंशांवर तो लशीला उपयोगी असं सगळं तयार करतो. तापमान २५ अंशांवर आणा किंवा माध्यमात मॅग्नेशियम सल्फेट जास्त घाला, तो उत्तम वाढतो, पण उपयोगाची प्रथिनं बंद. टाकीतला गढूळपणा मोजून समाधान मानणारा माणूस इथे हमखास फसतो.

मुंबईतल्या पहिल्या प्लेगलशीतही हाच पेच दडलेला होता, फक्त तेव्हा तो कुणाला दिसणं शक्य नव्हतं. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन १८९६च्या ऑक्टोबरात मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या अगदी तुटपुंज्या जागेत त्यांनी काम मांडलं. प्लेगचा जंतू वाढवायला तेव्हा मांसाचं सूप वापरत. गोमांस किंवा डुकराचं मांस वापरलं तर लस कोण टोचून घेणार? त्यांनी बकऱ्याचं मांस आम्लात विरघळवून घेतलं. या जंतूला हवा हवी असते, तो पृष्ठभागाला धरून वाढतो. म्हणून सुपावर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांखाली जंतूंच्या झुरमुळ्या लोंबू लागत. फ्लास्क हलवला की त्या तळाशी पडत आणि वर नवी वाढ सुरू होई. असं पाच-सहा आठवडे. मग उष्णतेनं जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचं. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तुपाची युक्ती मला आजही आमच्या कित्येक महागड्या यंत्रांपेक्षा हुशार वाटते.

हा जंतू सगळ्यांत सुखानं वाढतो तो २८ अंशांच्या आसपास. पण संरक्षण देणारं त्याचं मुख्य कवच तयार होतं ३७ अंशांवर. पिसवेच्या अंगात त्याला कवचाची गरज नसते, माणसाच्या रक्तात शिरल्यावर असते. हे समजायला पुढची काही दशकं जावी लागली.

लोक विचारतात, म्हणजे विरजणासारखंच ना? कालच्या दह्यातून आजचं, आजच्यातून उद्याचं. नेमकं तेच आम्हाला वर्ज्य आहे. आम्ही दर वेळी गोठवून ठेवलेल्या मूळ बियाण्यापासूनच सुरुवात करतो, कारण जंतू एका फ्लास्कमधून दुसऱ्यात जाता जाता बदलतो. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं क्षयाचा जंतू पित्त-बटाट्याच्या माध्यमावर २३० वेळा पुढे सरकवला. त्यातून तो मवाळ झाला, तीच बीसीजी. पण तो वाण देशोदेशी गेल्यावरही प्रत्येक प्रयोगशाळा त्याला आपापल्या परीनं पुढे सरकवतच राहिली. त्यामुळे आज डेन्मार्क, मॉस्को आणि टोकियोच्या बीसीजी एकसारख्या नाहीत आणि मूळ वाण जगात कुठेच उरलेला नाही.

उपरा जंतू शिरला तर काय होतं, ते पंजाबातल्या मुलकोवाल गावानं पाहिलं. ३० ऑक्टोबर १९०२ला तिथे प्लेगची लस टोचली गेली आणि एकाच बाटलीतली लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. प्रत्यक्षात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता. मलेरिया-संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १९०७मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं! प्रत्येक बॅचच्या निर्जंतुकतेची चाचणी किती वेळखाऊ असते यावर आमच्याकडे कुणी कुरकुरलं की मी ही हकीकत सांगते.

हाच धनुर्वाताचा जंतू आज पुण्यात मोठमोठ्या टाक्यांत मुद्दाम वाढवला जातो, आणि त्याच्या विषापासून केलेलं टॉक्सॉइड दुसऱ्या एका रोगाविरुद्धही कामी येतं. आफ्रिकेच्या सेनेगल ते इथिओपिया या पट्ट्यात मेनिंजायटिस-एच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जंतूच्या ‘ए’ प्रकाराच्या, साथी येत. मेनिंजायटिसच्या त्या जंतूची नुसती शर्करा टोचली तर लहान मुलांच्या शरीरात ती फारशी लक्षात राहत नाही. प्रथिनाला जोडून दिली तर राहते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं तिला धनुर्वाताचं टॉक्सॉइड जोडलं आणि ६ डिसेंबर २०१०ला बुर्किना फासोमध्ये ‘मेनआफ्रीव्हॅक’ची मोहीम सुरू झाली. तेव्हा एका डोसची किंमत ५० अमेरिकी सेंटांच्या आत होती. पुढच्या काही वर्षांत त्या पट्ट्यातला ‘ए’ प्रकार जवळपास नाहीसा झाला.

धनुर्वाताची टाकी मात्र नवख्यांची परीक्षा पाहते. हवा नको, जळक्या केसांसारखा वास, आणि वाढ थांबली की हमखास प्रश्न येतो : “मॅडम, आता काढायची ना?” नाही. विष अजून पेशींच्या आत आहे. त्या आपोआप फुटेपर्यंत थांबायचं, रोज नमुना काढायचा, आणि विषाचं मोजमाप चढायचं थांबलं की मगच गाळणी लावायची.