शंभर पौंडांचा प्रश्न

२००१च्या हिवाळ्यात मी लेस्टरमध्ये वृद्धांच्या वॉर्डात सीनिअर हाउस ऑफिसर होते. राहायला रुग्णालयाच्याच आवारातलं घर, आम्ही चौघीजणी. बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली यॉर्कशायरच्या रेडिओग्राफर मुलीचा प्लेस्टेशन होता आणि त्यात बहुतेक वेळा एकच सीडी असायची, ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिल्यनेअर’. आयटीव्हीवरच्या कार्यक्रमाचा हा खेळ आयडॉस कंपनीनं २००० साली बाजारात आणला होता.

नाइट ड्यूटीहून आलं की झोप लागायची नाही, मग मी कंट्रोलर हातात घ्यायचे. सूत्रसंचालक क्रिस टॅरंटचा आवाज, चार पर्याय, तीन लाइफलाइन, शंभर पौंडांपासून दहा लाखांपर्यंत पंधरा पायऱ्या. वरच्या पायऱ्यांवर मागचं संगीत अर्ध्या अर्ध्या स्वरानं चढत जातं. कीथ स्ट्रॅचन आणि त्यांचा मुलगा मॅथ्यू यांनी ते बांधलंय, आणि फार विचारपूर्वक बांधलंय. हरण्यासारखं काही नसतानाही छातीत धडधडायचं.

खेळाची रचना अशी की सुरुवातीचे प्रश्न सोपे आणि पुढे अवघड. माझ्या बाबतीत ते नेमकं उलटं व्हायचं. बडबडगीतातलं कोण कुठून पडलं, ‘कोरोनेशन स्ट्रीट’मधल्या पबचं नाव काय, अमुक म्हण कशी पुरी होते, असल्या शंभर-दोनशे पौंडांच्या प्रश्नांना माझ्या लाइफलाइन संपायच्या. ऑडियन्स पोल घेतला तर एकच खांब उंच आणि बाकीचे तीन जमिनीला टेकलेले. म्हणजे हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातून निभावलं तर मूलद्रव्यांची चिन्हं, राजधान्या, शरीरातली हाडं यांवरून मी भराभर वर जायचे. नोव्हेंबर २०००मध्ये ज्युडिथ केपेल या कार्यक्रमातल्या पहिल्या दहा लाखांच्या विजेत्या ठरल्या. त्यांचा शेवटचा प्रश्न ॲक्विटेनच्या एलिनॉरशी कोणत्या राजाचं लग्न झालं होतं, हा होता. उत्तर दुसरा हेन्री. ते कुठल्याही ग्रंथालयात वाचायला मिळतं. शंभर पौंडांचं उत्तर आईच्या मांडीवर मिळतं, आणि ते पुस्तकांतून भरून काढणं फार कठीण.

सांगलीला फोन केला की बाबा ‘कौन बनेगा करोडपती’चे प्रश्न विचारायचे. तेच संगीत, तशाच पायऱ्या. तिथले पहिले पाच प्रश्न आमची आई पोळ्या लाटता लाटता सोडवायची. रेडिओग्राफरला मी त्यातले काही सांगितले, शोलेतल्या घोडीचं नाव, पांडव किती, असे. तिला एकही येईना. त्यानंतर आम्ही दोघी मिळून खेळायला लागलो. खालच्या पायऱ्या तिच्या, वरच्या माझ्या.

हे सगळं वॉर्डात कामाला येईल असं मनात नव्हतं. स्मरणशक्ती तपासायला आम्ही एक दहा प्रश्नांची चाचणी घ्यायचो. हॉडकिन्सन यांनी १९७२ साली ती सुचवली. वय, वेळ, जन्मतारीख, सध्याची राणी कोण, वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे. त्यात एक प्रश्न पहिल्या महायुद्धाच्या सालाचा. इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाला तो खरोखरच शंभर पौंडांचा. गावागावात चौकातल्या दगडी स्मारकावर ती सालं कोरलेली असतात.

एका सकाळी बेलग्रेव्ह भागातल्या एक गुजराती आजी दाखल झाल्या. कंपालाहून आलेल्या, घरात पडून मनगट मोडलेलं. चाचणीत त्यांना कमी गुण मिळाले आणि नोंदीत ‘गोंधळलेल्या’ असा शेरा पडला. मी दुपारी त्यांच्याजवळ बसले. माझी गुजराती मोडकी, त्यांची हिंदी बरी. महायुद्धाचं साल त्यांना तेव्हाही आलं नाही. मग विचारलं, युगांडाच्या हुकूमशहानं, इदी अमीननं, तुम्हाला देश सोडायला कधी सांगितलं? ‘बहोत्तर,’ त्या तत्काळ म्हणाल्या, आणि किती दिवसांची मुदत होती, तेही सांगितलं, नव्वद. जन्माष्टमी कोणत्या महिन्यात, तर श्रावणात. कितव्या तिथीला, तर वद अष्टमीला. वीसपासून उलटे आकडे गुजरातीत न अडखळता म्हटले. सकाळी तेच त्यांना इंग्रजीत विचारलं गेलं होतं.

अशा चाचण्या हव्यातच. दोन मिनिटांत डॉक्टरला दिशा मिळते आणि सन्निपात वेळेवर ओळखू येतो. पण त्यातला एखादा प्रश्न ‘सगळ्यांना येतो’ असं धरताना ते सगळे म्हणजे कोण, हे आधी ठरवायला हवं, आणि ते ठरवण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची आहे. गुण कमी पडले म्हणून एखाद्या बाईचं घर सुटू शकतं.

मी आजींच्या नोंदीत सकाळचे गुण तसेच ठेवले. खाली माझे प्रश्न, त्यांची उत्तरं आणि ती कोणत्या भाषेत दिली ते लिहिलं. दुसऱ्या दिवशीच्या राउंडला कन्सल्टंटनी ते पूर्ण वाचलं, आजींच्या मुलाला बोलावून घरात त्या काय काय करतात हे विचारून घ्यायला सांगितलं, आणि पुढची चाचणी दुभाष्यासमोर घ्यायची असं ठरलं.