पाणी कुठलं भरता?

'पंक्चरवाले' हा शब्द आमच्या समाजाला हिणवण्यासाठी वापरला जातो, हे आता नवीन राहिलेलं नाही. मोबाईल उघडला की कुठे ना कुठे तो दिसतोच. मला राग येतो, पण त्याआधी नवल वाटतं. कारण मी ज्या घरात वाढलो, तिथे गॅरेजचं काम म्हणजे अकलेचं काम होतं. अब्बांचं जालन्यात रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं. आज त्या अकलेविषयीच थोडं लिहितो. वाचता वाचता कोणाच्या गाडीचं भलं झालं तर तेही चांगलंच.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जेमतेम एक तृतीयांश ताकद चाकांच्या कामी येते. जवळपास तेवढीच उष्णता इंजिनाभोवती फिरणारं पाणी उचलतं आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून हवेला देऊन टाकतं. हे फिरवण्याचं काम वॉटर पंप करतो, ज्याला आमच्याकडे 'वॉटर बॉडी' म्हणतात. रेडिएटरचं झाकण हा नुसता ढक्कन नाही. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून १०० अंशांना उकळणारं पाणी १२० अंशांच्या आसपास गेलं तरी उकळत नाही. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं. दाब सुटला की तेच पाणी क्षणात उकळून अंगावर येतं. जुन्या मिस्त्रींच्या हातावरचे पांढरे डाग बघा, ते बहुतेक याचेच असतात.

गाडी गरम होते म्हणून कोणी आलं, की बोनेट उघडण्याआधी अब्बा विचारायचे, "पानी कहाँ का डालते?" नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, पाणी ते पाणी, त्यात कुठलं काय? पण आमच्याकडे बोअरचं पाणी जड. पाणी तापवायच्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात धरतो. तो उष्णता अडवतो. सपाट रस्त्यावर गाडी कशीबशी निभावते, पण सळया भरलेला ट्रक कन्नडच्या घाटात चढाला लागला की काटा लालवर जातो. मग ड्रायव्हर रस्त्याकडेच्या ओढ्याचं पाणी ओततो आणि थर आणखी वाढतो.

त्या काळी रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. अब्बा वरची टाकी डाग उकलून काढायचे, एकेका नळीत पातळ पट्टी घालून थर खरवडायचे आणि पुन्हा कथलाचा डाग द्यायचे. त्यात शिसं असायचं, धूर नाकातोंडात जायचा. ते काम मी रोमँटिक करून सांगणार नाही.

दोन गोष्टींची त्यांना चीड होती. एक, गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणं. गळती थांबते खरी, पण तोच लगदा बारीक नळ्याही बुजवतो. दुसरी, 'आपला मुलूख गरम' म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं. थर्मोस्टॅटमधलं मेण साधारण ८० ते ९० अंशांना वितळून फुगतं आणि रेडिएटरकडे जाणारी वाट उघडतं. तो काढला की इंजिन हवं तेवढं तापतच नाही, डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं. इंजिन थंडगार ठेवायचं नसतं, ठरलेल्या तापमानावर ठेवायचं असतं.

आता कूलंट आलं आहे. लोक म्हणतात, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? पण कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. ते गंज आणि थर रोखतं, उकळण्याचा अंशही वाढवतं. त्यातली गंज रोखणारी द्रव्यं मात्र हळूहळू संपतात, म्हणून ते बदलावं लागतं. किती दिवसांनी, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. रंगावर जाऊ नका. हिरवं आणि लाल हे कंपनीचे रंग, तो काही दर्जा नव्हे. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका. तयार मिश्रण नसेल तर पाणी डिस्टिल्डच वापरा.

सफाई अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. खालचा नळ किंवा खालचा होज पाईप काढून जुनं कूलंट भांड्यात घ्या. पाणी भरा, हीटर गरमवर ठेवून इंजिन थोडं चालवा, थंड झाल्यावर ते पाणी सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हे पुन्हा करा. मग नवं कूलंट हळूहळू भरा, आतली हवा निघू द्या, पातळी पुन्हा तपासा. बाहेरच्या जाळीत अडकलेला कापूस, किडे, गवताचं बी हलक्या धारेनं इंजिनाच्या बाजूकडून बाहेर काढा. जोराच्या धारेनं पातळ पत्रे वाकतात. जुनं कूलंट मात्र गटारीत ओतू नका, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका. ते चवीला गोड आणि जहरी असतं. लहान मूल किंवा गल्लीतलं कुत्रं ते पिऊ शकतं.

हे सगळं अब्बांना कोणत्या शाळेनं शिकवलं नव्हतं. काळी-पिवळी चालवणाऱ्याचा हप्ता आणि घरची चूल त्या इंजिनावर असायची. हेड वाकलं तर महिन्याची कमाई जायची. ती त्यांनी वाचवली. पण त्यांच्याकडे कागद नव्हता. रेडिएटर ॲल्युमिनियमचे झाले, टाक्या प्लास्टिकच्या आल्या. त्यांना डाग देता येत नाही, ते बदलतात. दुकान बंद झालं. मोठ्या वर्कशॉपमध्ये अनुभव सांगायला गेले तेव्हा त्यांना सर्टिफिकेट विचारलं गेलं.

म्हणून मोहल्ल्यातल्या आई-बापांना सांगणं आहे. मुलगा गॅरेजवर जातो याची लाज बाळगू नका, पण दहावी होऊ द्या. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा 2 वर्षांचा कोर्स आहे, त्याला दहावी लागते. हातातली अक्कल आपल्या पोरांकडे आहेच. तिला कागदाची जोड मिळाली, तर पुढच्या बदलाच्या वेळी दुकानाचं शटर पडलं तरी पोराचा रस्ता बंद होणार नाही.