बुरूज बांधण्यापूर्वी

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८) सुचवितात. सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूंना हत्यारांचे मोल ठाऊक असणारच. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त टूलरूम कामगार घरामागच्या पडवीत सीएनसी मिलिंग मशीन घेण्याचा मनोदय सांगावयास आले, तेव्हा आम्हांस या दाखल्याचे स्मरण झाले. त्यांना मशीन हवे होते ते धंद्यासाठी नव्हे, तर हौसेसाठी. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली होती. धाकट्या मुलीचे शिक्षण मात्र अजून पुरे व्हायचे होते. त्यांची पत्नी म्हणाली, "फादर, जन्मभर मशीनच चालवली. आता घरातही मशीनच का?"

या मशीनमध्ये फिरते कटर धातूच्या ठोकळ्यातील नको तो भाग कापून काढते आणि त्याची वाट अंकांनी ठरते. १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत असे मशीन प्रथम दाखविण्यात आले. छिद्रे पाडलेल्या फितीवरून ते आज्ञा घेई. आता तेच तत्त्व मेजावर मावणाऱ्या यंत्रात आले आहे.

आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. मशीनची किंमत हा हिशेबाचा केवळ आरंभ होता. सांगाडा हलका असेल तर पोलाद कापताना तो थरथरतो व कामावर लाटा उमटतात. सांगाडा जड घ्यावा, तर पडवीची फरशी तो पेलेल काय? स्क्रू आणि नट यांत ढिलाई असेल तर दिशा उलटताना टेबल क्षणभर मागे राहते आणि वर्तुळ नेमके गोल उतरत नाही. मोठ्या मशीनला थ्री-फेज वीज लागते. शिवाय व्हाइस, कोलेट, एंड मिल, मोजमापाची उपकरणे. आणि वसईच्या खाऱ्या हवेत या साऱ्यांस गंजापासून जपणे आलेच.

बाईंनी या यादीशेजारी दुसरा रकाना आखला: वेळ. सायंकाळच्या रोझरीला हे घरात असतील की पडवीत? या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प राहिले. अखेरीस मुलीच्या शिक्षणाची रक्कम आधी बाजूला काढावी, उरल्या पैशांत घरच्या विजेवर चालणारे लहान मशीन घ्यावे, आणि अँजेलसची घंटा होताच ते बंद करावे, असे ठरले. शेवटची अट बाईंची होती. ती त्यांनी हसून मान्य केली.

श्रम माणसासाठी आहेत, माणूस श्रमासाठी नव्हे, ही शिकवण पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात मांडली. निवृत्त हातांनाही निर्मितीची ओढ असते; तिला केवळ चैन म्हणून हिणवणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु सीएनसी मशीन चुकीचा अंकही बरोबर अंकाइतक्याच निष्ठेने पाळते. काय घडवावे, किती खर्चावे आणि केव्हा थांबावे, हे त्याला उमगत नाही. तेवढे घरातल्या माणसांनी एकत्र बसून आधीच ठरवावे लागते.