दोन जामीनदार

आडवं पडणं ही एकच कला मला लहानपणापासून अवगत आहे. वडील म्हणायचे, "हा पुढे काही करो न करो, पडून मात्र राहील." पुढे मी बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि वडिलांचं भाकीत निम्मं खोटं ठरलं. कारण बँकेत बसून राहावं लागतं. गेली वीस वर्षं मी अमरावतीत एका खिडकीमागे बसलो आहे आणि रविवारी पडून त्याची भरपाई करतो आहे.

माझी ही आवड नातेवाइकांत जाहीर असल्यामुळे पुण्याच्या भाच्याने गेल्या वाढदिवसाला मला एक झोळी पाठवली. तान्ह्या बाळाची नव्हे, मोठ्या माणसाची. तिला हॅमॉक म्हणतात. १४९२ साली कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तिथली माणसं कापसाच्या जाळ्या टांगून त्यांत झोपतात असं त्याला दिसलं, आणि नावासकट ही वस्तू युरोपात गेली, हे भाच्याने सोबत कळवलं होतं. कोलंबस खरं तर निघाला होता आपल्याकडे यायला. चुकला नसता आणि वऱ्हाडात पोचला असता, तर कापूस त्याला हवा तेवढा मिळाला असता. फक्त झोळी बांधायला झाड मिळालं नसतं!

माझीही अडचण तीच झाली. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला गेलो तेव्हा झाडांना तोटा नव्हता. दोन झाडं, मध्ये मी, आणि समोर उभी राहून "अहो, वटवाघळासारखे दिसता," असं सांगणारी बायको. सुख म्हणतात ते याहून वेगळं नसावं. पण अमरावतीला परत आलो आणि झोळी कपाटात गेली. आमच्या घराला दोन झाडं सोडा, दोन कुंड्यांपुरतीसुद्धा जागा नाही.

हे भाच्याला कळवलं तर त्याने आणखी एक पिशवी पाठवली. तिच्यात ॲल्युमिनियमचे दोन खांब होते. प्रत्येकाचे चार तुकडे, एकात एक बसणारे. सोबत दोर आणि लोखंडी खुंट्या. सगळ्याचं वजन बाजारातून आणलेल्या भाजीपेक्षा कमी. "मामा, आता झाडाची गरजच नाही," तो फोनवर म्हणाला. "फक्त दोर फार ताठ बांधू नका. आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन ठेवा. मग प्रत्येक दोरावर तुमच्या वजनाएवढाच ताण येईल."

"एवढाच म्हणजे? मी ब्याऐंशी किलोचा. दोन दोर. एकेचाळीस-एकेचाळीस."

"नाही मामा. ब्याऐंशी आणि ब्याऐंशी. आणि कोन दहा अंशांवर आणलात तर एकेका दोरावर दोनशे छत्तीस."

वाणिज्य शाखेत एका ब्याऐंशीचे दोन ब्याऐंशी होत नाहीत. मी फोन ठेवणार होतो, तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. होतात की! भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. दोन जामीनदार असले म्हणून कर्ज निम्मं-निम्मं होत नाही. कोणाही एकाच्या मानेवर सगळं बसू शकतं. झोळीत पडलेला माणूस हा कर्जदार, आणि दोन टोकांची दोन झाडं हे जामीनदार.

खांबांची गोष्ट आणखी गंमतीची. खांब स्वतः काहीच धरत नाही, नुसता ताठ उभा असतो. त्याला मागून दोर ओढून धरतो, दोराला खुंटी धरते आणि खुंटीला माती. जामीनदाराला जामीनदार, त्याला पुन्हा जामीनदार, आणि शेवटी सगळा बोजा जमिनीवर. आमच्या बँकेत तरी निराळं काय असतं?

जामीन हा शब्द निघाला की आमच्या घरात शांतता पसरते. सहा वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याने शेतातल्या पाइपलाइनसाठी एका पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि मी सही केली. बँकेतल्या माणसाने! रोज खिडकीवर लोकांना "सही करण्यापूर्वी वाचा" सांगणाऱ्याने! लागोपाठ दोन वर्षं पिकं गेली, हप्ते थकले, आणि चौदा महिने ते माझ्या पगारातून गेले. तेव्हापासून मेहुणा आणि मी फक्त हवामानावर बोलतो. तो म्हणतो, "थंडी आहे." मी म्हणतो, "आहे."

तर यंदा पौषात सासूबाईंनी हुरड्याला बोलावलं. सासुरवाडी अकोल्याच्या अलीकडे. खांबांची पिशवी घेऊन आम्ही निघालो. या अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून विश्वविक्रम झाला. साडेचार दिवसांत! आमच्याकडे एवढ्या वेळात एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही.

शेतात पोचलो. बांधावरचा कडुनिंब मागल्या वादळात पडलेला, त्यामुळे सगळं रान मोकळं. आगटीत कणसं भाजत होती. मी पिशवी उघडली आणि बघता बघता अर्धं गाव गोळा झालं. खांब उभे केले, दोर ताणले, खुंट्या ठोकल्या. कोन डोळ्यांनी मोजला.

"थंडी आहे," मेहुणा म्हणाला.

"आहे," मी म्हणालो आणि झोळीत पडलो.

वऱ्हाडातली काळी माती मोठी लहरी. पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पौषात ती वरून कडक आणि आतून लोण्यासारखी असते. खुंटी ठोकताना वरचा कडकपणा दिसतो. आतलं लोणी वजन पडल्यावर कळतं. डोक्याकडची खुंटी मुळ्यासारखी उपटून आली, खांब शेंगदाण्याच्या चटणीत पडला, आणि मी जमिनीवर.

सगळे हसले. मेहुणा तेवढा धावत आला आणि मला काखेत धरून उठवलं. तो हसला नाही. मला वाटतं, खुंटी उपटल्यावर काय होतं हे तिथे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"हे काय करून राह्यले जवाईबुवा?" सासूबाई म्हणाल्या. "दोन खांब दोन्हीकून आत वढले जातीन, तं माती कायले धरीन त्यायले? आमी लेकराची झोळी तीन बांबूच्या तिकटीले बांधतो. दोन्ही टोकं एकाच जागी, सारा भार खाली. वढ येतेच कुठून? हा अन् तुमची बायको, दोघंबी तिच्यातच झोपले, मी कापूस वेचत असतानी. पन तुमचं धूड लांबलचक. तुमाले दोन तिकट्या लागतीन, अन् वरून आढं."

वेलांच्या मांडवासाठी आणलेले बांबू पडले होते. तीनची एक तिकटी, तीनची दुसरी, आणि दोन्हींच्या माथ्यांवर सातवा बांबू आडवा, घराच्या आढ्यासारखा. झोळीची टोकं त्या आढ्यालाच बांधली. या टोकाची ओढ त्या टोकाला भेटते आणि दोन्ही आढ्यातल्या आढ्यात जिरतात. खुंटी नाही, मागचा दोर नाही. मातीला फक्त उभा भार, आणि तो तर ती कोणाचाही घेते. भाच्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बरोबर आहे, मामा. पण ते पिशवीत मावत नाही."

"आता बसा," सासूबाई म्हणाल्या. मी जागचा हललो नाही. एकदा पोळलेला जामीनदार होतो मी.

"थांबा भाऊजी," मेहुणा म्हणाला. "आधी मी बसतो. पडलो तं मीच पडीन."

तो पडला नाही. बांबू करकरले, आढं किंचित वाकलं आणि थांबलं. मग तो उतरला आणि मी पडलो. हुरडा पोटात, ऊन अंगावर. डोळे मिटणार, इतक्यात डोक्याशी आवाज आला. मेहुणा आढ्यावर हात ठेवून उभा होता.

"भाऊजी, तुमचे पैसे... यंदा तूर बरी आहे. थोडे थोडे करून..."

बँकेतला माणूस म्हणून मी त्याला तारीख विचारायला हवी होती. रक्कम लिहून घ्यायला हवी होती. मी काय केलं? घोरायला लागलो. बायको सांगते, ते घोरणं अगदीच खोटं होतं. खरं घोरतो तेव्हा शेजारचे उठतात. पण मेहुण्याला ते पटलं असावं, कारण तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, आढ्यावर हात ठेवून.

ॲल्युमिनियमचे खांब आम्ही तिथेच ठेवून आलो. सासूबाईंनी त्यांच्यावर धुण्याची दोरी बांधली आहे. दोन लुगडी आणि एक टॉवेल एवढ्याला ते छान जामीन राहतात.