स्वखुशीने

सातारा,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. विजयला अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा मिळाला. मोबाइलवर अक्षरं दिसेनात, म्हणून नातवाकडून छापून घेतला आणि रात्री तीनदा वाचला. पहिल्याच पानावर लिहिलंय, भावाविषयीच्या नैसर्गिक प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने. त्या शब्दापाशी मी थांबले. माझी खुशी आहे का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. ती वकिलाच्या कचेरीत आधीच लिहून झाली होती.

मी सही करणार नाही. का, ते फोनवर सांगता येत नाही. तू "आक्का, नुसता कागद आहे गं" म्हणतोस आणि मी गप्प होते. म्हणून लिहायला बसले.

2004 साली अण्णा गेले. वारसनोंदीला आपण सगळे तलाठ्याकडे गेलो. माझा चष्मा घरी राहिला होता. तू बोट ठेवलंस तिथे मी आणि सुमीने सही केली. सातबाऱ्यावर तुझं नाव लागलं, आम्ही दोघी 'इतर हक्कात' गेलो. माहेर राखायचं तर असंच करायचं असतं, असं आईने सांगितलं होतं आणि तेव्हा मला त्यात काही खटकलंही नाही. कोरडवाहू रान, ज्वारी आणि थोडी मटकी. त्यात वाटा मागायची मलाच लाज वाटली असती. आता रस्त्याची मोजणी झाली, भाव एकरावरून गुंठ्यावर आला आणि त्याच रानासाठी कागद फिरू लागले.

आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट मला पुस्तकांतून आठवते. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'तले भाऊ सख्ख्या बहिणीचा पाय मोडतात. 1970 साली डॉ. लागूंनी ते नाटक रंगमंचावर आणलं. नाटक मोठंच आहे, पण ते पाहून 'आपण काही असे नाही' असं म्हणत घरी जाता येतं. आपल्यासारख्या घरांत लोभ आरडाओरडा करत येत नाही रे. तो कागदावरून येतो.

'ध चा मा' आपण बोलता बोलता म्हणून जातो. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावाचा खून झाला. त्याचे काका राघोबादादा यांच्या हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' काकू आनंदीबाईंनीच केलं का, यावर वाद आहेत. पण अडीचशे वर्षं लोकांच्या लक्षात काय राहिलं बघ, त्या दिवशीच्या तलवारींपेक्षा कागदावरचं एक अक्षर. स्नेहसंमेलनात मी खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तला रामशास्त्र्यांचा प्रवेश बसवायचे. मुलं जीव ओतून करायची. मला मात्र त्यांना पुढचं सांगावंसं वाटायचं. गादी हातची गेली तेव्हा राघोबादादांनी 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई द्यायचं कबूल केलं. वसई, विजय! त्यांच्याच सख्ख्या काकांनी, चिमाजी अप्पांनी, 1739 साली केवढी माणसं गमावून मिळवलेली. पुतण्याची गादी हवी म्हणून काकांची कमाई गहाण टाकली. आणि शेवट कुठे, तर कोपरगावला, 1783 मध्ये, पेशवेपदावाचून.

आणि आपलं सुपं. तू आठवड्याच्या बाजाराला जातोस तेच. आज्जी सांगायची, तिच्या सासऱ्यांनी लहानपणी तिथला धूर लांबून पाहिला होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तोवर इथल्या कापसाला भाव होता आणि सावकार सढळ हाताने कर्ज देत होते. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव पडला. पुढे सरकारने सारा वाढवला. सावकारांनी नवं कर्ज देणं बंद केलं, जुन्याची वसुली मात्र चालू ठेवली. ज्या खतावर कुणब्याने निशाणी केलेली असायची, त्यात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. 12 मे 1875 ला आसपासच्या गावांची माणसं सुप्यात जमली आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि खतं मागितली. मिळाली ती जाळली. दुकानं लुटली, काही घरांनाही आग लावली, पण त्या उठावात माणसांच्या जिवावर फारसं कुणी उठलं नाही. राग कशावर होता ते त्यांना नेमकं कळत होतं. पुढे 1879 चा कायदा आला आणि खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. नुसत्या सहीवरून संमती धरता येत नाही, हे इंग्रज सरकारलाही मानावं लागलं.

आता सुमीचं. ती सहीला तयार आहे, असं तू म्हणालास. मी तिला फोन केला. बराच वेळ ती बोलेना. मग म्हणाली, "दादा नाराज झाला तर मला माहेर कुठलं गं?" भाड्याच्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवून ती घर चालवते. याला मी स्वखुशी म्हणू शकत नाही.

तुला एक माहीत नसेल. मलाही परवाच कळलं. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. माझं लग्न 1981 चं, मी बाहेर. सुमीचं 1995 चं. कायदा लागू झाला त्या 22 जून 1994 ला ती आपल्याच घरात होती, बिनलग्नाची. म्हणजे तलाठ्यापुढे तिने सही केली तेव्हा दहा वर्षं तो हक्क तिचा होता आणि तिला कुणी सांगितलं नाही. तुला दोष देऊन मी सुटत नाही. घरात शिकलेली मी होते, मी शोधायला हवं होतं. पुढे हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने माझ्यासारख्याही आत आल्या आणि त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं.

आईचं शेवटचं आजारपण तू आणि वैशालीने काढलंत. विहिरीचं कर्ज तू एकट्याने फेडलंस. ते मी विसरलेले नाही आणि तुला जास्त मिळावं असं मीच आधी म्हणेन. पण ते तिघांनी एकत्र बसून, सुमीला बोलू देऊन ठरायला हवं.

वाटणीचा कागद तिघांच्या नावाने तयार झाला की कळव. सकाळच्या एसटीने येते. चष्मा घेऊन येईन.

वैशालीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आक्का